पांढऱ्या गोलाच्या सहा प्लेटा

त्या सहा प्लेटा मीच टाकल्या होत्या.

आज मॅडमना जाऊन एक वर्ष झालं, म्हणून लिहितोय.

मी कोन गावचा. बारावी अर्धवट. भिवंडीतल्या एका कॉलेजात लॅब अटेंडंट, कॉन्ट्रॅक्टवर. मॅडम तिथे जंतूंवर रिसर्च करायच्या.

मला पहिल्यापासून त्यांचा संशय होता.

रविवारी अंजूरला खाडीकडे जायच्या आणि गोणीभर करंजाचा पाला आणायच्या. त्यातला एक पदार्थ काढून कागदावर त्याची रचना बदलत बसायच्या. वाटायचं, कुठल्या तरी कंपनीचं काम गुपचूप चाललंय.

एकदा विचारलंच. "मॅडम, याने जंतू मरतात?"

"मारायचेच नाहीत रे. ते एकमेकांना निरोप देतात. पुरेसे जमले की मिळून हल्ला करतात. आपण निरोप पोचू द्यायचा नाही."

"म्हणजे जंतूंचं नेटवर्क घालवायचं?"

"हां. आपल्या भिवंडीसारखं!"

मला पटलं नाही. जिवंत सोडलेला जंतू गप्प बसेल कशावरून?

एका सोमवारी मॅडम यायच्या आधी मी जंतू वाढवायच्या प्लेटा पाहिल्या. आमचे जंतू पुरेसे जमले की जांभळा रंग धरतात. सहा प्लेटांत मधोमध पांढरट गोल होता.

जंतू होते, रंग नव्हता.

रंग नाही म्हणजे प्लेट खराब, असं आधीच्या सरांनी शिकवलेलं. निर्जंतुक केल्या, टाकल्या. रजिस्टरला नोंद केली. सही केली.

"अरे, रंग गेला असेल तर तोच रिझल्ट होता!" मॅडम कपाटं उघडून शोधत होत्या. "कोणी टाकल्या?"

"माहीत न्हाय, मॅडम."

नोकरी गेली तर वडप्याच्या गोडाऊनात हमाली, एवढंच डोक्यात.

रजिस्टर आठवलं, तेव्हा ते त्यांच्या टेबलावर होतं.

पाल्यातून काढलेला पदार्थही संपला होता. पुन्हा बनवण्यात तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत त्यांनी चहा विचारला तरी मला ती चौकशी वाटायची. कुठल्याही सरांशी बोलताना हसल्या तरी वाटायचं, माझंच चाललंय.

पांढरे गोल परत आले, तेव्हा मला बोलावलं.

"बघ. असं दिसलं की आधी मला हाक मारायची. कळलं?"

"हो, मॅडम."

पुढे काहीच बोलल्या नाहीत. त्यामुळे संशय वाढलाच.

परवा कपाट आवरताना ते रजिस्टर सापडलं. 'खराब प्लेटा सहा, टाकल्या.' माझी सही.

त्याखाली मॅडमचं अक्षर, त्याच सोमवारची तारीख.

'माझ्या सांगण्यावरून.'

तुम्ही सांगितलं नव्हतं, मॅडम.

रोज सकाळी आधी तुम्ही म्हणायचात. आज मी म्हणतो.

जय भीम, मॅडम.