वजन उचलायला मनाई

शाळेतल्या दुपारच्या जेवणाची देखरेख माझ्याकडे आहे. धान्य मोजून द्यायचं, वरण चाखायचं, वहीत सही करायची. शिकवणं सोडून ही कामं कुणालाच नको असतात, म्हणून ती माझ्याकडे आली. स्वयंपाकाला दोघी बायका होत्या. मोठीचं माहेर वर्ध्याकडचं, लग्न होऊन जबलपूरला आलेली. माझ्याशी ती मराठीत बोलायची.

वरणाचा गंज दोघी दोन कड्यांना धरून उतरवत. एकदा मोठीनं तो मध्येच टेकवला आणि भिंत धरून उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही जी. अंग बाहेर येते."

"कधीपासून?"

"धाकटी पोरगी झाली तेव्हापासून."

ती पोरगी आता कॉलेजात होती. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी ही पाणी भरायला लागली होती. "काहून, सासूबाई भरणार होत्या का?" असं मलाच विचारून ती हसली. जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधून कामाला यायची. नवऱ्याला माहीत होतं. बायकांना असतंच, असं त्याचं म्हणणं.

मी तिला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पिशवी काढावी लागेल म्हणाल्या, तारीखही दिली. सरकारी कार्डावर सगळं फुकट होणार होतं. नंतर तीन महिने वजन उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही.

परतताना ती मागून म्हणाली, "बादली नाही, गंज नाही. मग मला कामावर ठेवते कोण?"

"ते मी बघते. कुणी काढणार नाही."

स्वयंपाकातल्या धाकट्या सोबतिणीनं, तीही तिकडचीच, तोडगा लगेच काढला. "दीदी, कुणाला सांगायचं काहून? गंज मी अन् चपराशी भैया उतरवू. ही भाजी चिरेल." पण तोंडी ठरलेलं उद्या फिरतं, असा माझा अनुभव. मी रीतसर अर्ज लिहिला. आजाराचं नाव, ऑपरेशनची तारीख, तीन महिने हलकं काम द्यावं अशी विनंती. ओमती चौकात जाऊन डॉक्टरच्या चिठ्ठीची झेरॉक्स काढली. एक प्रत स्वयंपाक चालवणाऱ्या महिला समूहाला दिली, एक शिक्षण खात्याच्या कार्यालयाला. दोन्हीकडून पोच घेतली.

चौथ्या दिवशी समूहाची अध्यक्ष आली. "दीदी, आपने तो लिखकर दे दिया कि बाई बीमार है. अब बीमार के हाथ का खाना बच्चों को कैसे खिलाएँ?"

हा लागण होणारा आजार नाही, हे मी समजावलं.

"मैं तो समझती हूँ, चार बच्चे मैंने भी जने हैं. ऊपरवाले कागज़ पढ़ते हैं."

नवी बाई तिनं सोबतच आणली होती. तरुण, धडधाकट. मी कार्यालयात गेले. हलकं काम असा प्रकार नियमात नाही, स्वयंपाकीण तंदुरुस्तच हवी, असं उत्तर मिळालं. फायलीत सगळ्यात वर माझाच अर्ज होता. तो नसता तर कुणी काही विचारलंच नसतं.

मोठी भांडली नाही. "तो कागद वापस नाही घेता येत?" एवढंच विचारलं.

"नाही."

"चलो," म्हणाली आणि डबा घेऊन गेली.

ऑपरेशनच्या दिवशी सुट्टी टाकून मी तिच्या घरी गेले. दाराला कुलूप. ती रोज पाटनकडच्या शेतांत मटार तोडायला जाते, असं शेजारीण म्हणाली. दिवसभर उकिडवं बसायचं आणि भरलेलं पोतं बांधापर्यंत न्यायचं, असं ते काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नाक्यावर गाठलं. बायकांनी भरलेल्या पिकअपमध्ये ती एका अंगावर कलून बसली होती.

"डॉक्टरीणबाई दुसरी तारीख देते म्हणाल्या."

"मटार संपू द्या."

"मग?"

"मग चना."

"फिर गेहूँ, दीदी," शेजारची ओरडली आणि सगळ्या हसल्या. तीही हसली. मग फळीवरून वाकून हळूच म्हणाली, "दवाखान्याचं इथं बोलू नका जी. यांच्यात मी चांगली आहे."

ठेकेदार माणसं मोजत जवळ आला. मी स्कूटर बाजूला घेतली.