तळ्याच्या बंगल्यातली तिची भिंत

ती भिंत मी केली, असं लोक म्हणतात. मीही तेरा वर्षं तेच सांगत फिरलो. ते निम्मं खोटं आहे. बायकोला जाऊन आठ महिने झाले. आता खरं कोणी सांगायचं तर मीच सांगायला हवं, म्हणून लिहायला बसलो. मी तिसरीपर्यंत शिकलो, तेही तमिळ शाळेत. मराठी आमची घरात बोलायची भाषा. चुकलं तर चुकू दे.

तंजावरहून बसने तासाभरावर एक गाव आहे. गाव लहान, तळं मोठं. त्या तळ्यावर चार गावांची भातशेती भिजते. तळ्याच्या काठाला राजांच्या वेळच्या एका मराठा सरदाराने उन्हाळ्यात राहायला बंगला बांधला. त्यांचंच घराणं अजून तिथे आहे. पुढे बाग, मागे नारळ, आणि दिवाणखान्याच्या खिडक्या थेट पाण्यावर उघडतात. गावातले लोक त्याला तळ्याचा बंगला म्हणतात.

मी चुन्याच्या गिलाव्याचा मेस्त्री. आमचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, तेव्हा त्या बंगल्यात मुलीचं लग्न निघालं. दिवाणखान्याची लांब भिंत नवी करायची होती. आरशासारखी पाहिजे, असं सांगणं होतं. मी काम घेतलं आणि चुना वाटायला चार बायका लागणार होत्या, त्यांत हिलाही नेलं.

चुना वाटणं म्हणजे काय, ते आजच्या लोकांना ठाऊक नाही. भिजवून मुरवलेला चुना कापडातून गाळायचा, हिरड्याच्या पाण्यात कालवायचा आणि पाट्यावर वाटायचा. चटणी वाटतात तसा नाही. दोन बोटांत धरून चोळला तर कण लागता कामा नये, लोण्यासारखा सरकला पाहिजे. दुसऱ्या बायका दिवसाला दोन गोळे द्यायच्या. ही एकच. मुकादम ओरडायचा.

"एकच देते," ही म्हणायची. "पण तुमच्या भातात कालवला तरी दाताखाली येणार नाही. बघा खाऊन."

तिच्या तळहातांची सालं निघाली होती. रात्री खोबरेल लावायची, सकाळी परत पाट्यावर. तीन महिने असं चाललं. आणि त्या तीन महिन्यांत तिने भिंत एकदाही पाहिली नाही. वाटणाऱ्या बायका गोठ्यामागच्या झापाखाली बसत. गोळा केळीच्या पानावर घालून दिवाणखान्याच्या दारापर्यंत आणायचा, तिथून मागे फिरायचं. आत फक्त आम्ही गडी. काम संपलं तेव्हा सगळ्यांसमोर तबक आलं, जरीकाठी वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं धोतर, आणि विडा. ते मला. बायकांना त्या दिवशी मागे जेवण वाढलं.

आता माझी चूक सांगतो. शेवटचा हात दिला की भिंत गारगोटीने घोटायची असते. घोटत राहिलं की भिंतीला घाम सुटतो, तो मऊ कापडाने टिपायचा, परत घोटायचं. मध्ये उठायचं नाही. उठलात तर तेवढा भाग वाळतो आणि मग देव आला तरी त्याला चकाकी येत नाही. चैत्राचे दिवस होते. तळं आटलं होतं आणि त्या दिवशी गावाने मासे धरायला तळं मोकळं केलं. सगळा गाव जाळी, टोपल्या, धोतरं घेऊन चिखलात. खिडकीतून मला ते दिसत होतं. गारगोटी ठेवली आणि उडी मारली. मरळ धरली, हातभर लांब. परत आलो तर खिडकीजवळ सुपाएवढा भाग कोरडा पडला होता. घोट घोट घोटला. काही झालं नाही.

मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "त्या गोळ्यातला चुना जाड वाटला गेला, साहेब."

हे बोलणं मागे झापापर्यंत गेलं. तिने ते ऐकलं. मरळ मी काम उरकून धरली, असं तिला वाटत होतं. माझ्या मरळीचं कालवण केलं, मला वाढलं, आणि स्वतःशीच म्हणाली, "कोणता गोळा असेल तो?" पुढे कित्येक वर्षं मधूनच विचारायची, "तो शनिवारचा गोळा असेल का हो? शनिवारी माझं अंग दुखत होतं." मी म्हणायचो, "असेल."

पोंगलच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे कोणी घरी बसत नाही. काणुम पोंगल, म्हणजे बघण्याचा दिवस. चित्रान्न, दहीभात बांधून घ्यायचा आणि नदीवर, देवळात, बागेत जायचं. त्या दिवशी तळ्याच्या बंगल्याची बाग सगळ्यांना उघडी असे. दरवर्षी ही म्हणायची जाऊ या, दरवर्षी मी दुसरीकडे नेत होतो. कारण वर सांगितलंच. पण एका वर्षी आमची मुलगी दहा वर्षांची झाली होती. तिने शाळेत ऐकलं, बंगल्याची लांब भिंत फोडून सिमेंट लावणार आहेत. घरी येऊन सांगितलं. हिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"फोडायच्या आधी मला बघायची आहे," म्हणाली. "मी वाटलेलं काय झालं, ते एकदा माझ्या डोळ्याने बघू दे. मग फोडू देत नाहीतर जाळू देत."

आता नाही कसं म्हणणार?

गेलो. तळं काठोकाठ भरलं होतं. पाणकोंबड्या, कमळं, पलीकडच्या बांधावर सायकली लावून बसलेली माणसं. बाग तर काय सांगू! सरळ पाट काढलेले, दोन्ही अंगांना मोगरा, अबोली, मध्ये नागलिंगाची दोन झाडं, खोडालाच फुलं आलेली. मनोरंजिताचा वास येत होता आणि पोरं फूल शोधत फिरत होती. पानांसारखंच हिरवं असतं ते, दिसत नाही. मी हिला आणि मुलीला सगळं दाखवत होतो, जसा काही बंगला माझ्या बापाचाच. हे कारंजं, या पायऱ्या, या इथून राण्या नावेत बसायच्या. आपल्या माणसांनी बांधलं हे, म्हटलं. इतक्या लांब येऊन, तमिळ मातीत, अशी बाग केली.

"बाग पाहिली," ही म्हणाली. "भिंत कुठे आहे?"

दिवाणखान्याला कुलूप होतं. पायरीवर राखणदार. मी तमिळमध्ये सांगितलं, मी इथला मेस्त्री, घरची माणसं घेऊन आलो आहे. तो म्हणाला, आज कंत्राटदार आला आहे, आत मापं चालली आहेत, उद्या या.

"उद्या काय, ढिगारा बघायला येऊ?" ही मराठीत माझ्यावर ओरडली. "सांगा ना त्याला!"

ओसरीवर झोपाळ्यावर थोरल्या बाईसाहेब बसल्या होत्या. मालकांची आई, सत्तरीच्या. त्यांनी मान वळवली.

"कोण गो ती? इतक्या मोठ्याने मराठी कोण भांडतं माझ्या दारात?"

हिने पदर सारखा केला. "मी भांडत नाही, बाईसाहेब. तुमच्या भिंतीचा चुना मी वाटला होता. मला भिंत बघायची आहे."

"मग बघ की. दार उघड रे!"

आत कंत्राटदार होता. पॅन्ट, हातात लोखंडी पट्टी, कानावर पेन्सिल. तो भिंतीवर टकटक करत चालला होता. भिंत तशीच होती. खरं सांगतो, माझीच छाती फुगल्यासारखी झाली. खिडकीतलं पाणी भिंतीत हलत होतं. आमची मुलगी पुढे झाली आणि भिंतीत स्वतःला बघून तिने जीभ दाखवली.

ही मात्र दारातच उभी राहिली. पुढे येईना. डोळे भरले होते, पण ती रडणारी बाई नव्हती.

कंत्राटदार खिडकीशी पोचला. नेमका. त्या सुपाएवढ्या डागावर पट्टी ठेवून बाईसाहेबांना तमिळमध्ये म्हणाला, "हे बघा, अम्मा. चुना मेला आहे. इथे गेला म्हणजे आतून सगळीकडे गेला असणार. वाईट माल. सगळं उतरवून सिमेंट लावतो, वर रंग. पन्नास वर्षं बघायला नको."

बाईसाहेब माझ्याकडे वळल्या. "काय मेस्त्री? तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, चुना जाड होता."

मी घसा साफ केला. त्याआधीच ही पुढे आली. तेरा वर्षांनी पहिल्यांदा त्या भिंतीपाशी. खाली मान घालून म्हणाली, "तो गोळा माझा, बाईसाहेब. शनिवारी अंग दुखत होतं, वाटणं कमी पडलं असेल. पण बाकीचा चांगला आहे. बाकीचा फोडू नका."

मी आयुष्यात पुष्कळ लाजेची कामं केली. त्या वेळी जसं झालं तसं कधी नाही. एवढी तोंडाची तिखट बाई, आणि माझ्या चुकीसाठी मान खाली घालून उभी.

"तिचा गोळा नाही," मी म्हटलं. मोठ्याने निघालं ते. "चुना चांगला होता. मी उठून गेलो होतो."

"कुठे?" बाईसाहेबांनी विचारलं.

"तळ्यात. मासे धरायला."

राखणदार हसला. कंत्राटदार हसला नाही. तो म्हणाला, "बायकोला सांभाळून घेतो आहे हा, अम्मा. मेस्त्री लोक असंच बोलतात. चुना मेलेलाच आहे."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी ती नजर कशी सांगू? राग होता, पण त्याच्या आधी दुसरंच काही. पाठीवरचं ओझं उतरल्यावर हमाल दोन क्षण नुसता उभा राहतो, तशी. मग तिने वळून बाईसाहेबांना म्हटलं, "एक तांब्या पाणी मागवा."

पाणी आलं. हिने ओंजळ भरून चकचकीत भिंतीवर मारली. पाणी अळूच्या पानावरून जावं तसं निथळून गेलं, भिंत कोरडी. दुसरी ओंजळ डागावर मारली. तिथूनही निथळलं. थेंब आत गेला नाही. मग तिने त्या डागावर अंगठ्याचं नख जोराने ओढलं आणि नख कंत्राटदारापुढे धरलं.

"चुना मेला असता तर नखात आला असता," तमिळमध्ये म्हणाली. "बघा. काही आहे? नुसती घोटाई राहिली आहे इथे. माझा चुना मेलेला नाही. माझा नवराही अजून मेलेला नाही, पण आज मरतो माझ्या हातून."

बाईसाहेब इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. झाल्यावर कंत्राटदाराला म्हणाल्या, "तुमच्या सिमेंटवर पाणी मारून दाखवा. मग बोलू." तो म्हणाला, सिमेंटची गोष्ट वेगळी. त्या म्हणाल्या, "वेगळीच आहे. मागचा गोठा करा सिमेंटचा. ही भिंत राहू दे."

मग त्यांनी आतून तबक मागवलं. हळद-कुंकू, विडा, फुलं आणि एक निळी सुती साडी. दिवाणखान्यात, त्या भिंतीपुढे हिला उभं करून ओटी भरली. "तेरा वर्षं उशीर झाला, पोरी," म्हणाल्या. "तुला आत कोणी बोलवलंच नाही. आमचीही चूक."

हिने वाकून नमस्कार केला. मग भिंतीकडे वळून आधी कुंकू ठीक लागलं की नाही, ते त्यातच बघून घेतलं.

बाहेर येऊन नागलिंगाखाली दहीभात खाल्ला. मुलगी विचारत होती, अप्पा, मासा केवढा होता? मी हात पसरून दाखवला. "एवढा? खोटं," ही म्हणाली. "मी शिजवला होता. अर्धाच होता." तेवढंच. बसमध्येही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा टंबलर पुढे ठेवून म्हणाली, "तेरा वर्षं, हो? शनिवार, शनिवार करत होते मी." मी म्हटलं, "चुकलो." ती म्हणाली, "ठाऊक आहे," आणि आत गेली.

त्यानंतर मी माझा नियम केला. जिथे काम संपेल तिथे मालकाच्या आधी तिला आत न्यायचं. लोक हसायचे. हसू देत. ती पदर खोचून यायची, भिंतीपुढे उभी राहायची, नख ओढायची, तळहात फिरवायची. छान म्हणायची नाही कधी. "चालेल," म्हणायची. तिच्या तोंडून चालेल ऐकलं की मला त्या जरीकाठी वेष्टीहून जास्त वाटायचं. वीस वर्षांत वीस-बावीस घरं झाली असतील. तंजावरच्या जुन्या गल्ल्यांत, तिरुवैयारुला, कुंभकोणमला. कुठेही जाऊन विचारा, भिंत अजून आहे का.

कुंभकोणमच्या एका घरात मात्र तिने हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. मालक मागे उभा होता, खूश. बाजूच्यांना बोलवून दाखवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती भिंत उतरवायला घेतली. मालक धावत आला, "काय झालं मेस्त्री? आम्हाला पसंत आहे की!"

"माझ्या घरात पसंत नाही," मी म्हटलं आणि थापी उचलली.