खूर आणि नख

सोनाजीला आमच्या सोसायटीत वॉचमन म्हणून मीच लावून घेतलं आणि त्याच्या पायात बूटही मीच घातले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कितीही हळहळलो तरी कुणी मला फार चांगला माणूस समजू नये.

शहरातल्या गारखेडा भागातल्या आमच्या इमारतीचा मी तेव्हा सचिव होतो. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही नियम करायला काहीतरी लागतंच. दुष्काळाचं वर्ष होतं. हर्सूलचा तलाव आटला होता आणि आमच्याकडं मात्र महिन्याला एक नवी इमारत उठत होती. प्रत्येक इमारतीला टँकर, आणि टँकरवर लक्ष ठेवायला वॉचमन. सोनाजी असाच फुलंब्रीकडच्या एका वस्तीवरून आला. धनगर माणूस, पन्नाशी ओलांडलेला. चारापाणी संपलं म्हणून धाकटा भाऊ कडुबा मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेला आणि हा शहरात आला.

"पाऊस पडला की मी जाणार, सायेब," पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं. जणू नोकरी मागायला मीच त्याच्या दारात गेलो होतो.

पुढची वर्षंही कोरडीच गेली. चौथ्या उन्हाळ्यात कडुबाचा निरोप आला, "औंदा पाऊस चांगला सांगत्यात. माझे गुडघे गेले. पाऊस पडला की दादा, तू ये. नाय आला तर मी मेंढरं मोडतो." मोडतो म्हणजे विकून टाकतो. बापाच्या वेळेपासूनचा कळप. सोनाजी त्या दिवसापासून आभाळाकडं कमी आणि स्वतःच्या उजव्या पायाकडं जास्त बघायला लागला.

कारण त्या पायाचा अंगठा ठणकत होता. जन्मभर वहाणांत मोकळी पसरलेली बोटं आमच्या बुटांत कोंबली गेली होती. नखाची कड मांसात शिरली होती आणि भोवती पू धरला होता. नेमकी तेव्हाच माझी टाच धरली होती. पायांच्या डॉक्टर मनस्विनी यांनी मला बुटात घालायचा मऊ तळवा दिला, व्यायाम शिकवले आणि सहा आठवड्यांत मी टुणटुणीत झालो. स्वतःला गुण आला की माणूस गावाचा वैद्य होतो. मी सोनाजीला स्कूटरवर घातलं आणि त्यांच्याकडं नेलं.

"नख कोणी कापलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच. खुरासारखं," सोनाजी अभिमानानं म्हणाला. आणि खरंच, त्या कामात त्याचा हात धरणारा वस्तीवर कुणी नव्हता. मेंढीचा खूर वाढून आत वळला की ती लंगडते. सोनाजी तिला मांडीवर उताणी घ्यायचा आणि चाकूनं वळलेला कोपरा असा काढायचा की रक्ताचा थेंब नाही.

"काका, खुराचं वेगळं. नखाचा कोपरा काढला की ते वाढताना मांसात घुसतं. नख सरळ कापायचं, कोपरे तसेच ठेवायचे," डॉक्टर म्हणाल्या. तपासणीत रक्तातली साखरही वाढलेली निघाली. त्यांनी अंगठा बधिर केला, आत गेलेली कड काढली आणि मुळाशी औषध लावलं, म्हणजे तेवढी कड पुन्हा उगवू नये. साखरेच्या गोळ्या दिल्या. महिनाभर उघडी चप्पल, आणि पुढंही घट्ट बूट नको, असं बजावलं.

आणि गुण आला. तिसऱ्या आठवड्यात सोनाजी सकाळी इमारतीला वीस फेऱ्या मारायला लागला. "मेंढरं दिसाला पाच-सात कोस चालत्यात, सायेब. सवय गेली हाय," म्हणायचा. इतका हसरा मी त्याला चार वर्षांत पाहिला नव्हता.

मग चौथ्या मजल्यावरच्या मिहिरनं तक्रार लिहून दिली. वॉचमन चपलेत बसतो, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. गणवेशाचा ठराव माझ्याच अक्षरात होता, बुटांसकट. एक ओळ खोडायची होती. पण कारकुनाचा हात! दुसऱ्यानं लिहिलेलं तो खोडेल, स्वतःचं नाही. महिना उलटलाच होता. मी खाली गेलो. "सोनाजी, आता दुखत नाही ना? मग घाला बूट," म्हणालो. दहाच्या दहा बोटं हलवून दाखवत त्यानं "व्हय" म्हटलं आणि बूट चढवले.

पंधरा दिवसांत नखाचा दुसरा कोपरा टोचायला लागला. त्यानं मला सांगितलं नाही. पुढं विचारलं तेव्हा म्हणाला, "तुमाला किती तरास द्यावा? आन् डॉक्टरबाईनंबी कोपराच काढला व्हता की! मी बघत व्हतो. माझंच काम ते." त्यानं ते नीट बघितलं होतं हेच वाईट झालं. मुळाशी लावलेलं औषध त्याच्या लेखी वरची मलमपट्टी होती. त्यानं चाकू चुलीवर तापवला, दुसरा कोपरा काढला आणि हळद भरली. साखरेनं पायाची जाणीव बोथट होत चालली होती. चाकू किती खोल गेला हे त्याला कळलंच नाही. दुखलं नाही म्हणून तो खूश होता, आणि त्यावर पुन्हा बूट.

एका दुपारी टँकरच्या पाण्यानं ओला झालेला मोजा त्यानं माझ्यासमोर काढला, तेव्हा अंगठा काळा पडलेला दिसला. वासही येत होता. मी त्याला तसाच क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरांनी एकदाच पाहिलं आणि माझ्याकडं वळल्या.

"बूट कोणी घालायला लावले यांना?"

"सोसायटीचा नियम आहे," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. आजही आठवलं की माझी मलाच किळस येते.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात अंगठा काढावा लागला, मुळापासून. जखम भरायला दीड महिना लागला. तेवढ्यात पाऊस आला, आणि चांगला आला. त्याच सुमारास क्लिनिकमधल्या एका मुलीचा माझ्या नंबरवर फोन आला. उपचारांचा परिणाम विचारत होती. नखाचं दुखणं शून्य ते दहामध्ये किती? मी फोन सोनाजीच्या हातात दिला.

"नाय दुखत बाई. बोटच नाय, तर दुखंल काय?"

ती बहुधा घाईत होती. "शून्य लिहिते काका," म्हणाली आणि फोन ठेवला.

श्रावणाच्या तोंडावर कडुबा मेंढरं घेऊन फुलंब्रीच्या अलीकडं उतरला. मी सोनाजीला तिथं घेऊन गेलो. त्यानं जुन्या वहाणा शोधून पायात घातल्या होत्या. पुढं कापूस भरून पट्टा आवळला होता. मेंढ्यांनी त्याला ओळखलं की नाही देव जाणे, पण तो एकेकीच्या पाठीवर हात ठेवत फिरला. मग कडुबानं कळप हाकला आणि सोनाजी मागं चालू लागला.

अंगठा गेला की पाय जमिनीला रेटा देत नाही. सपाट फरशीवर ते कळत नाही. ओल्या रानात प्रत्येक पावलाला त्याचं अंग उजवीकडं झुकायचं. पहिल्या बांधावर तो पडला आणि उठला. दुसऱ्या बांधापर्यंत मेंढरं नजरेच्या टप्प्याबाहेर गेली होती. चरणारी मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत. थांबला फक्त कडुबा. तो गुडघे दाबत मागं आला.

"दादा, हळू हळू जमंल," म्हणाला, पण बघत मात्र होता दुसरीकडंच.

सोनाजीनं दम खाल्ला. लांबवर मेंढरांच्या ओरडण्याचा आवाज येत होता. "नाय जमायचं," तो म्हणाला. "मोड."

कडुबा मटकन खाली बसला. सोनाजी त्याच्याजवळ थांबलाही नाही. लंगडत माझ्या स्कूटरपाशी आला आणि मागं बसला. मला रडू कोसळलं. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर त्यानं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "सायेब, उद्या दिवसपाळी का रातपाळी?"

"दिवसपाळी," मी म्हणालो आणि स्कूटर सुरू केली.