अंगावरशेठांचा टॅब

जुन्नरच्या बाजारपेठेत मोबाईलच्या दुकानात येऊन चक्क आडवा होणारा एकच माणूस मी पाहिला, आणि ते दुकान माझंच होतं. बाकड्यावर पाय लांब करून, उजवा हात पाठीखाली दाबून आणि डाव्या हातात टॅब उंच धरून शेठजी सिनेमा बघत पडलेले असत. गिऱ्हाइकं त्यांच्या अंगावरून हात लांबवून माझ्याकडे चार्जर मागत.

शेठजींचं कापडाचं दुकान माझ्यासमोर. त्यांचे पणजोबा मारवाडातून आलेले, पण शेठजींची बोली अस्सल इथली. माझे अब्बा त्यांच्याच पायरीवर मशीन मांडून शिवणकाम करायचे, म्हणून मी त्यांना लहानपणापासून बघत आलो. "गुंडाळलेल्या ठाणात सगळंच कापड झ्याक दिसतं, पावणं. अंगावर घेऊन बघा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नाची साडी असली तर स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकून, मिशीसकट पायरीवर उन्हात उभे राहायचे आणि मगच भाव सांगायचे. पेठेनं त्यांना अंगावरशेठ म्हणायला सुरुवात केली. त्यांना ते माहीत होतं, आणि माझ्या मते थोडं आवडतही होतं.

मग शेठजींच्या बायकोला, आमच्या काकींना, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दुकानाच्या वरच्या खोलीत त्या भिंतीकडेच्या खाटेवर पडून असत. त्यांच्यासाठी टॅब हवा म्हणून शेठजी माझ्याकडे आले. मी दोन काढून ठेवले, एक मोठा, एक धाकटा, आणि माझी नेहमीची टेप लावली. "नेटवर देवळं बघायला, लोणच्याच्या रेसिपी वाचायला धाकटा बास झाला. पण पिक्चर बघायचा तर मोठाच घ्या, शेठजी." त्यांचा पुण्याचा मुलगाही फोनवर हेच सांगत होता.

"तू बसून सांगतोय राव," शेठजी म्हणाले. "ती झोपून बघनार हाय." आणि टोपी काउंटरवर ठेवून ते आडवे झाले.

पुढे हे रोजचंच होऊन बसलं. आज धाकटा, उद्या मोठा, परवा पुन्हा धाकटा. काचेवरचे त्यांच्या बोटांचे ठसे पुसता पुसता माझ्या नाकी नऊ आले. एकदा मध्यंतराच्या आधीच त्यांचा हात लटपटला आणि मोठा टॅब धाडकन नाकावर आदळला. मी पोट धरून हसलो. म्हणालो, "अहो, स्टँड देतो ना! धरायची गरजच नाही."

नाक चोळत ते उठून बसले. "घास दुसऱ्यानं भरवायचा, कूस दुसऱ्यानं बदलायची. येवढं एक तरी तिच्या हातात राहू दे की."

त्यानंतर मी त्यांची चेष्टा केली नाही.

काकींना सिनेमाचं भारी वेड. गावात थेटर होतं तेव्हा त्या दर दिवाळीला विचारायच्या, "एकदा जाऊ या का?" आणि शेठजींचं उत्तर तयार असायचं, "लग्नसराई उरकू दे." कापडवाल्याची लग्नसराई कधी उरकत नाही. थेटर मात्र उरकलं आणि त्याचं मंगल कार्यालय झालं. तिथल्या लग्नांच्या साड्याही शेठजींच्याच दुकानातून गेल्या. दोघांनी मिळून एकही सिनेमा पाहिला नव्हता.

शेवटी त्यांनी धाकटा घेतला. काकींच्या हाताला तोच पेलणार होता. रोज दुपारी शटर अर्धं ओढून ते वर जायला लागले. मला बरं वाटलं. पण मग ते थोड्याच वेळात खाली उतरून माझ्या दुकानात येऊन बसू लागले.

"पिक्चर संपला?"

"चालूय."

असं बऱ्याचदा झालं, तेव्हा मी खोदून विचारलं. शेठजी टोपीची घडी घालत सांगू लागले.

"ती भिंतीकडच्या हातानं धरती. मी खुर्ची टाकतो हिकडं, उजवीकडं. खोलीत दुसरीकडं जागाच न्हाई. माझ्या बाजूनं काचंवर नुसती खिडकी दिसती बघ. मग ती टॅब माझ्याकडं वळवती, तरी खिडकीच दिसती. ती इचारती, दिसतंय का? मी म्हनतो, लई भारी दिसतंय. मग ती तसाच धरून बसती. हात थरथरतो तिचा, अन् तिला सोताला काय दिसत नसंल. म्हनून गिऱ्हाईक आलंय सांगून उठतो मी."

"मग मोठा घ्या. दोघांनाही दिसेल."

"मोठा तिला धरवत नाय."

"खरं सांगून टाका मग काकींना."

"आत्ता कुठं आमी संगतीनं बघाय लागलोय, इकबाल. कसं सांगू?"

माझ्या दुकानात त्या दिवशी सात-आठ तऱ्हेचे टॅब होते. त्यातला एकही त्यांच्या कामाचा नव्हता.

थंडीत काकी गेल्या. काही आठवड्यांनी मुलानं शेठजींना पुण्याला न्यायचं ठरवलं. दुकानातली ठाणं एका टेम्पोत भरली गेली. निघायच्या आदल्या दिवशी शेठजी टॅब घेऊन माझ्याकडे आले. मला वाटलं, परत करायला आले असतील. मी काही बोलायच्या आत ते नेहमीसारखे बाकड्यावर आडवे झाले आणि मला उजवीकडच्या स्टुलावर बसायची खूण केली.

त्यांनी सिनेमा लावला. डाव्या हातानं टॅब माझ्याकडे वळवला. काचेवर माझ्या दुकानाचं दार दिसत होतं, बाहेर लावलेली मोटरसायकल दिसत होती. बाकी काही नाही.

"दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. "दिसतंय की, शेठजी. छान दिसतंय."

ते टॅबकडे बघतच नव्हते. पडल्या पडल्या माझ्या तोंडाकडे बघत होते, उन्हात धरलेल्या कापडाकडे बघावं तसे.

"खोटं तोंडावर दिसतं रं. म्हंजे तिला कळत व्हतं," ते म्हणाले, आणि टॅब तसाच माझ्याकडे वळवून धरून पडून राहिले.