तात्यांची परीक्षा आणि दगडूचा रिव्हर्स

माझ्या मोटारसायकलवरून आमच्या मंदाचे सासरे पडले नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पेठला आजही लोक वेगळंच सांगतात. पडलो तो मी. ते उतरले.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मंदा माझी धाकटी बहीण. वैशाखात लग्न होऊन ती आण्याहून पेठला नांदायला गेली, आणि श्रावण जवळ आला तशी आमच्या आईची घालमेल सुरू झाली. लग्नानंतरची पहिली नागपंचमी लेकीनं माहेरीच करायची आणि तिला आणायला भावानं मुराळी म्हणून जायचं, ही आमच्याकडची रीत. आईनं आठ दिवस आधीच लिंबाला झोका बांधून घेतला होता. रोज सकाळी उठून त्याचा दोर ओढून बघायची.

"पहिली पंचमी हाय तिची," मी निघताना ती म्हणाली. "ती आली न्हाई ना, तर त्या झोक्याकडं माझ्यानं बघवायचं बी न्हाई."

डोळे भरले होते तिचे. मग मी छाती पुढं काढून म्हणालो, "आई, काळजीच सोड! चार वाजायच्या आत मंदा झोक्यावर!"

एवढी छाती पुढं काढायचं कारण म्हणजे माझी नवी मोटारसायकल. (नवी मला. तिनं माझ्याआधी तीन मालक बघितले होते आणि तिघांनाही ती कंटाळली होती.)

पेठला पोचलो तेव्हा मंदा हिरव्या बांगड्या भरून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर तयार! दाजी पुण्याला कामावर, त्यामुळं घरात कारभार तात्यांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा. चहा झाला. मी किल्ली बोटाभोवती गरगर फिरवत उठलो.

"पावणं, बसा जरा," तात्या म्हणाले. "गाडी कुठाय?"

"ही काय, दारात उभी."

तात्या बाहेर आले आणि बैल घ्यायला आल्यासारखे तिच्याभोवती फिरले. टायरला पायानं ठोसून बघितलं. मग विचारलं, "ह्यो खालचा टेकू काढला तर उभी ऱ्हाती का?"

"नाही तात्या, स्टँड काढल्यावर पडणार ना!"

"आन् रस्त्यात थांबली, तर?"

"तर पाय टेकवायचे."

"न्हाई टेकवले तर?"

"तर... पडेल."

"म्हंजे थांबली की पडती," तात्या शांतपणे म्हणाले. "जी वस्तू थांबली की पडती, तिच्यावर मी माझी सून बसवायची व्हय?"

याला उत्तर आहे का? मी इतकी वर्षं शोधतोय!

"मग एसटीनं नेतो," मी म्हणालो. "पंचमीच्या गर्दीत? पोरगी चेंगरंल!" तात्या म्हणाले. जीपनं नेतो म्हणालो, तर म्हणे त्यात माणसं टपावर बसवतात. मंदानं बिचारीनं पिशवी मांडीवरून उचलून खाली ठेवली. आई डोळ्यांपुढं आली. आणि मी बोलून गेलो, "तात्या, तुम्हीच बसून बघा! अवसरीच्या घाटापर्यंत जाऊन येऊ. तुम्हाला जरा जरी भीती वाटली, तर मंदाला ठेवून घ्या. मी एक शब्द बोलणार नाही!"

(माणसानं चहा पिऊन लगेच बोलू नये. अंगात उगीच बळ येतं.)

तात्या आत गेले. धुतलेलं धोतर, इस्तरीची टोपी आणि काखेत छत्री, अशी तयारी करून बाहेर आले आणि दोन्ही पाय एका बाजूला सोडून बाईमाणसासारखे मागं बसले. "सून अशीच बसनार ना? मग परीक्षा बी तशीच व्हायला पायजे," म्हणाले. मी त्यांना एकच नियम सांगितला. "काहीही झालं तरी गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरायचं नाही."

"ध्यानात ठिवतो," तात्या म्हणाले. आणि त्यांनी तो फारच ध्यानात ठेवला!

निघालो. "हळू," मागून आवाज आला. मी हळू केली. "आजून हळू." आणखी हळू केली. एवढ्यात पाठीमागून घंटी वाजली आणि एक दूधवाला, सायकलला दोन्हीकडं भरलेले कॅन लावून, आमच्या पुढं निघून गेला! जाताजाता म्हणाला, "राम राम तात्या! पंचर हाय का?"

आता सांगा, पंचविशीतल्या माणसाला हे सहन होईल? वरून भुरभुर पाऊस सुरू झाला आणि तात्यांनी छत्री उघडली. वारा छत्रीत शिरला की गाडी आपोआप डावीकडं जायची. मी तिला उजवीकडं ओढायचो. लांबून बघणाऱ्याला मी प्यायलोय असंच वाटलं असेल.

आणि पुढं तो टेम्पो आला.

फ्लॉवरच्या गोण्या भरलेला. डावा दिवा सारखा लुकलुकत होता, पण गाडी काही डावीकडं वळत नव्हती. थोड्या वेळानं ड्रायव्हरचा उजवा हात खिडकीतून बाहेर आला आणि वरखाली हलला. आमच्या रस्त्याला याचा अर्थ एकच, या, पुढं जा! दूधवाल्याचा राग मनात होताच. मी ॲक्सिलेटर पिळला आणि टेम्पोच्या बरोबरीला आलो.

बघतो तर त्या हातात ओलं फडकं! वायपर बंद असल्यानं हा गडी चालवता चालवता काच हातानं पुसत होता आणि फडकं बाहेर झटकत होता. फडकं आत गेलं आणि त्याच क्षणी टेम्पो सरळ उजवीकडं, माझ्या अंगावर! का? तर पलीकडं एक म्हातारी उभी होती आणि तिला औषधाची बाटली द्यायची होती! मी करकचून ब्रेक दाबला. छत्रीची काडी माझ्या मानेत घुसली. टेम्पो आमच्या नाकापुढून गेला.

"पावणं, ह्यो काय परकार?"

"त्याची चूक आहे, तात्या!"

"आसंल. पर आपन त्याच्या काखंत शिरायला कशाला गेलो व्हतो?"



मग मात्र मी शहाणा झालो. टेम्पो परत पुढं निघाला तसा मी मागं चांगलं अंतर ठेवून चालवू लागलो. पन्नास पावलं गेलो असू. टेम्पो भर रस्त्यात थांबला. मीही थांबलो, पाय टेकवले. आणि घर्रर्र असा आवाज झाला आणि टेम्पो मागं यायला लागला!

मी हॉर्न दाबला. हॉर्न पावसात भिजला होता, तो नुसता खाकरला. मी ओरडलो. टेम्पो येतोच आहे! मी पायांनी गाडी मागं ढकलायला लागलो. "तात्या, उतरा!"

"थांबल्याबिगर उतरायचं न्हाई, तुमीच म्हनाला!"

"थांबलीय की गाडी!"

"थांबलीय, तर मी बसल्या जागी मागं कसा चाललोय?"

टेम्पोच्या नंबरातला आकडा न् आकडा मला वाचता यायला लागला. तोंडचं पाणी पळालं! शेवटी हँडल गच्च डावीकडं ओढलं आणि होतो तसा रस्त्याकडेच्या चारीत गेलो. गाडी आडवी, मी तिच्याखाली, चारीत गुडघाभर गढूळ पाणी. आणि तात्या? गाडी कलंडताना पूर्ण थांबली, तेवढ्यात ते अलगद रस्त्यावर उतरले. टोपी जागेवर. छत्री डोक्यावर. धोतराला शिंतोडा नाही!

मी चिखलातून उठलो आणि जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. (तात्यांसमोर निम्म्याच दिल्या.) टेम्पोतून पन्नाशीचा एक गडी निवांत खाली उतरला. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"तात्या, लागलं न्हाई ना? आवो, आरशात बघितलं तर तुमी फटफटीवर! छत्री लावून, ह्या पोराच्या मागं, नुसते हेलपाटताय! माझा जीवच ऱ्हाईना. म्हनलं, माघारी जावं आन् तात्याला गाडीत घ्यावं. म्हनून तर मागं घेत व्हतो!"

म्हणजे आम्हाला चिरडायला निघालेला हा माणूस आम्हाला वाचवायला येत होता!

"ह्यो दगडू," तात्यांनी ओळख करून दिली. "आपल्या वस्तीवरचाच. आधी मेंढरं राखायचा, आता टेम्पो चालवतो."

"तात्या, हा माणूस गाडी कशी चालवतो बघितलं ना तुम्ही?"

"बघितलं की! मेंढरामागं चालायचा तसाच चालवतो. चार पावलं गेला की मागं वळून बघतो, कोन ऱ्हायलं का. उभ्या जन्मात त्याचं एक मेंढरू हरवलं न्हाई." मग तात्यांनी मला आणि चारीतल्या मोटारसायकलला एकदा नीट न्याहाळलं आणि निकाल दिला. "दगडू, नारायनगावला माल उतरवलास की आमच्या सूनबाईला आन्याला सोडशील का?"

"सोडतो की! पंचमीची पोर हाय, तिला काय न्हाई म्हनतो का?"

दगडूनं टेम्पो वळवला, पेठला जाऊन मंदाला घेतलं, आणि अशी माझी बहीण माहेरी निघाली. पुढं केबिनमध्ये ती, मक्याचं कणीस खात, आणि मागं मोटारसायकलवर मी, चिखलानं माखलेला, टेम्पोचा धूर खात. दगडूनं वाटेत किती ठिकाणी गाडी थांबवली ते मी मोजायचं सोडून दिलं. आळेफाट्याच्या पुढं तर दोनदा रिव्हर्स घेतला. दोन्ही वेळा मीच मागं राहिलो होतो.

आण्याला पोचायला पाच वाजले. आई दारातच होती. तिनं मंदावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला पोटाशी धरलं आणि रडून घेतलं. मग दगडूला हाताला धरून ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, पुरणाचे दिंड वाढले, वर तुपाची धार सोडली. "भाऊ, तुमी माझी लेक आनली," म्हणाली. दगडू लाजला. मी पुढं झालो तर मला म्हणाली, "तू मागल्या दारानं ये, सारवलंय मी!"

राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण तेवढ्यात लिंबाखाली मंदानं झोका घेतला. उंच गेली, हसली आणि तिथूनच ओरडली, "दादा, आलो की रं आपन!" आईचा तो चेहरा बघून माझा सगळा राग गेला. चिखल मात्र दोन दिवस गेला नाही.

पुढच्या वर्षी पंचमीच्या आधी तात्यांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "सूनबाईला दगडू घेऊन येईल. मुराळी भाऊच लागतो, ही रीत आम्ही जाणतो. पण तुम्ही फटफटीवर निघू नये. घरीच थांबावे."

मी घरीच थांबलो. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी दारात टेम्पो थांबला आणि दगडू म्हणाला, "चला पावणं, तात्यांनी तुमाला आनायला धाडलंय." म्हणजे बहिणीला आणायला जाणाऱ्या भावालाही आता मुराळी लागत होता!