आधी गाडी हलू दे

शालूताई उभ्या गाडीचं स्टेअरिंग कधीच फिरवायच्या नाहीत. लालबागच्या आमच्या टॉवरमधलं पार्किंग इतकं अडचणीचं की बाकी सगळे जागच्या जागी चाक पिळून गाडी घुसवतात. सोसायटीची सेक्रेटरी म्हणून जागा मीच वाटल्या होत्या. खांबामागची जागा वाट्याला आलेल्या या साठीच्या बाई काय करतात ते बघायला पहिल्या दिवशी मी मुद्दाम खाली थांबले. वॉचमन ओरडला, "ताई, फुल काट मारा!" खिडकीतून उत्तर आलं, "काट तू मार, मी शिट्टी वाजवते. अरे, आधी गाडी हलू दे, मग वळव. उभ्यानं पिळलं की स्टेअरिंगच्या रॅकच्या जिवावर बेततं."

त्यांना त्या रॅकची एवढी काळजी होती, याला कारण होतं. त्यांच्या यजमानांना, भाऊंना, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला परळला न्यावं लागे. इतक्या जवळचं भाडं म्हटलं की टॅक्सीवाले मान फिरवत. ताईंचा उजवा खांदा आखडलेला. स्टेअरिंग हलकं असेल तरच त्या गाडी चालवू शकत.

एकदा रॅकमधून तेल गळू लागलं, तेव्हा गॅरेजला मीही त्यांच्याबरोबर गेले. गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, बेच डालो." ताईंनी जुना रॅक उघडून दाखवायला लावला. "आपको खोल के क्या करना है?" "चालवते मी. मलाच करायचंय." घरी येताना त्यांनी मला सगळं समजावलं. स्टेअरिंग फिरवलं की खालचं छोटं दातेरी चाक एका दात्यांच्या दांड्याला, म्हणजे रॅकला, डावी-उजवीकडे सरकवतं आणि तो दांडा पुढची चाकं वळवतो. दांड्यावर एक चकती बसवलेली असते, ती बंद नळीत पुढेमागे सरकते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबून पाठवतो. आपण चाक फिरवताना आत एक बारीक सळई किंचित पिळली जाते, तेवढ्यानं झडप उघडते आणि तेल चकतीच्या योग्य बाजूला शिरून तिला ढकलतं. "वळवतो दांडाच गो. तेल नुसता हातभार लावतं." गाडी विकली नाही. रॅक दुरुस्त झाला.

पुढच्या गणपतीआधीची गोष्ट. रस्ते खरेदीच्या गर्दीनं तुंबलेले. सोबतीला मी ताईंच्या शेजारी, भाऊ मागे बसलेले, पाय सुजलेले, धाप लागलेली. आदल्या खेपेला ताप आल्यामुळे डायलिसिस चुकलं होतं, आजची वेळ गेली असती तर पुढे काय, हे आम्ही कुणीच बोलत नव्हतो. पुलाजवळ बॉनेटखालून फटकन आवाज आला आणि स्टेअरिंग दगडासारखं झालं.

"पट्टा तुटला," ताई म्हणाल्या.

"मी टॅक्सी बघते."

"परळला? कोण येतोय! बस खाली. पंपच थांबलाय, दांडा जागेवर आहे." त्यांनी डाव्या हातानं चाक धरलं. "वळणावर मी सांगीन तेव्हा खालून तू ओढ. आधी गाडी हलू दे... आता!"

प्रत्येक वळणाला आम्ही दोघी त्या चाकाला लोंबकळत होतो. मागे हॉर्नचा कल्लोळ. ताईंच्या कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. धाप लागलेली असतानाही भाऊ म्हणाले, "दोघी लागतात होय मला न्यायला?" "गप बसा, श्वास जपा," ताई म्हणाल्या. हॉस्पिटलच्या दारात गाडी लागली तेव्हा चाकाची खुर्ची घेऊन वॉर्डबॉय उभाच होता. मशीन मिळालं.

त्यानंतर भाऊ दोन वर्षं जगले.

ते गेल्यावर पंधरवड्यानं, एका मंगळवारी, डायलिसिसच्याच वेळेला ताई खाली आलेल्या दिसल्या. बॉनेट उघडून तेल बघितलं, आत बसल्या आणि चाकावर हात ठेवून तशाच राहिल्या. मी गेले, शेजारचं दार उघडून बसले.

"कुठे जायचं, ताई?"

त्यांनी किल्ली फिरवली.

"ठरलं नाही गो अजून. आधी गाडी हलू दे."