कुंचीतला वरवंटा

"अहो फोटोवाले, तो वरवंटा आहे. बाळ इकडे आहे," बाळाची आत्या ओरडत होती. आणि मी पाळण्यापुढे गुडघ्यावर बसून फोटो काढत सगळ्यांना दटावत होतो, "हळू बोला, काय गोड झोपलाय."

आज खालच्या मजल्यावरून घुगऱ्यांचा वास आला आणि बेव्हर्ली पार्कातलं ते बारसं आठवलं. बाळाआधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात, हे घाईत माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. खरं बाळ आत्याच्या कडेवर असं किंचाळत होतं की पार पेणकरपाड्यात कुत्री जागी झाली. बाप जहाजावर. त्याला बारशाचा एक तरी शांत फोटो हवा होता, आणि माझ्या कॅमेऱ्यात बाळाची नुसती पडजीभ. आता वाटतं, त्या वरवंट्याएवढं शहाणं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही.

शेवटी आजीच म्हणाल्या, "तो वरवंट्याचाच पाठव गं. कुंचीत काय दिसतंय."

आत्याने देवाचं नाव घेऊन पाठवला. घरभर सगळे मोबाइलकडे बघत बसले.

जहाजावरून उत्तर आलं, "मिळाला. माझ्यावर गेलाय."